गोळीचं प्रायश्चित्त

द्वादशीच्या सकाळी चिंतामणशास्त्र्यांनी रक्तदाबाच्या तीन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळून टाकल्या.

"अहो, डॉक्टरांनी रोज एक सांगितलीय!" श्यामलाबाई ओरडल्या.

"काल एकादशी, निर्जळी. गोळी राहिली. म्हणजे कालची एक, आजची एक."

"आणि तिसरी?"

"प्रायश्चित्ताची. संध्येची वेळ टळली की एक अर्घ्य जादा देतो ना? तसंच."

श्यामलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि पोह्यांची बशी पुढे केली. कार्याआधी पारणं नाही, असं सांगून शास्त्रीबुवा उपाशीच इंदिरानगरला निघाले. योग असा, की वास्तुशांत त्याच डॉक्टरांच्या, देवरामांच्या, नव्या बंगल्याची होती.

डॉक्टरांची आई आक्काबाई सटाण्याहून झेंडूची फुलं, कांद्याची गोणी आणि एक अट घेऊन आल्या होत्या. मुहूर्तावर शांत झाली तरच त्या या घरात झोपणार. त्यांना चिंता नव्हती, कारण शास्त्रीबुवांचा मुहूर्त जन्मात कधी हुकला नव्हता. नवरदेवाला उशीर झाला तर ते रिक्षातच मंगलाष्टकं सुरू करत, अशी त्यांची ख्याती होती.

होम छान पेटला. मध्येच शास्त्रीबुवांना दोन डॉक्टर दिसू लागले. त्यांनी दोघांनाही आचमन करायला सांगितलं. थांबलो तर मुहूर्त जाईल, म्हणून ते रेटत राहिले. पूर्णाहुतीला मात्र ते ताडकन उठले आणि घर गरकन फिरलं. हातातला नारळ अग्नीऐवजी यजमानांच्या अंगठ्यावर पडला आणि शास्त्रीबुवा झेंडूच्या ढिगात.

"अगं आई गं!" डॉक्टर एका पायावर नाचले. दुसऱ्याच क्षणी त्यांनी सोवळ्यातच मोटारीतून रक्तदाबाचं यंत्र आणलं. पारा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"किती घेतल्या?"

"तीन," शास्त्रीबुवा फुलांतून म्हणाले आणि त्यांनी अर्घ्याचा हिशेब समजावला.

"गुरुजी, मराल अशानं! चुकलेली गोळी सोडून द्यायची, पुढची वेळेवर घ्यायची. आणि उपासाला गोळी चालते. आई, त्यांचे पाय त्या गोणीवर ठेव."

"कांद्यावर? आज कांदा वर्ज्य!" शास्त्रीबुवा कळवळले.

"पायांना चालतो," आक्काबाईंनी निकाल दिला. "आरं देवराम, पण मुहूर्त?"

"बसूनच मंत्र म्हणतो मी," शास्त्रीबुवा उठू लागले आणि पुन्हा झेंडूत गेले. या खेपेला ते खरंच घाबरले. श्यामलाबाईंची पोह्यांची बशी त्यांना आठवली.

"आता दवाखान्यात. प्रेशर वर येईपर्यंत माझ्या नजरेसमोर," डॉक्टर म्हणाले.

शास्त्रीबुवांना मोटारीत आडवं करेपर्यंत मुहूर्त टळला होता. आक्काबाई खिडकीशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"गुरुजी, आता वो? उद्या जादा होम घालायचा का?"

शास्त्रीबुवांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर अंगठा चोळत होते.

"नको आक्का. चुकलेला सोडून द्यायचा, पुढचा वेळेवर घ्यायचा."

"पुढचा कवा हाय?"

आडवे राहूनच त्यांनी पंचांग उघडलं, पान उलटलं आणि ते पडेल आवाजात म्हणाले, "एकादशीला."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "त्या दिवशी आधी मी सांगेन तसं करायचं. उजवा हात पुढे. गोळी घ्या, एकच. आता आचमन."

शास्त्रीबुवांनी निमूटपणे उजवा हात पुढे केला.

"आज नाही हो!" डॉक्टर ओरडले.