तोतारामनानांच्या सात खोल्या

धुळ्याच्या देवपुरात खोली मागायला गेलं की बाकीचे घरमालक आधी पागडीचं बोलत. तोतारामनाना विचारत, "पोरगं कितवीमा शे?"

पाचवीच्या खालचं असलं तर "वाढू द्या" म्हणत. मॅट्रिक झालेलं असलं तर नुसते हात जोडत. एकदा पुरवठा खात्यातले एक साहेब टांग्यातून आले. म्हणाल ती पागडी द्यायला तयार. नानांनी ठरलेला प्रश्न विचारला.

"माझं अजून लग्न झालेलं नाही," साहेब म्हणाले.

"मंग लगीन करा, पोरगं पाचवीमा धाडा, मंग या," असं सांगून नाना म्हशीला पाणी पाजायला निघून गेले.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. कोणी नोकरीसाठी, कोणी पोरांच्या शाळेसाठी, जो तो धुळ्यात येत होता आणि खोल्या होत्या तेवढ्याच. भाडी सरकारनं बांधून टाकलेली, म्हणून मालक पागडी घेत. आणि एकदा आत शिरलेला भाडेकरू कायद्याच्या जोरावर मरेपर्यंत हलत नसे. नानांच्या धाब्याच्या चाळीत मात्र दर वर्षी सगळेच हलत.

सात खोल्या, सात इयत्ता. पाचवीची खोली गोठ्याला लागून. तिथून एकेक खोली पुढे गेलं की वास कमी होई आणि उजेड वाढे. शेवटची अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची. तिला दोन खिडक्या. भाडं सगळ्यांना सारखंच. मॅट्रिकचा निकाल लागला की येणाऱ्या रविवारी अख्खी चाळ एक खोली पुढे सरके. मॅट्रिक झालेल्यांनी बाहेर पडायचं, आणि गोठ्याजवळच्या खोलीत खेड्यातलं नवं बिऱ्हाड यायचं.

"नाना, पाचवीच्या पोरांना उजेड नको का?" मी एकदा विचारलं; मीही त्यांचाच भाडेकरू.

"पाचवीना पोऱ्या पुस्तक कमी आन म्हैस जास्त देखस," नाना म्हणाले.

नापास झालात तर तुम्ही जागच्या जागी; पुढची खोली मागच्या बिऱ्हाडाला. नानांना अक्षरं येत नसत, पण प्रगतिपुस्तकातली लाल शाई ते दहा हातांवरून ओळखत. चाळीतल्या हिरामणभाऊंचा मुलगा नववीत नापास झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं आठच दिवसांपूर्वी पुढच्या खोलीच्या भिंतींना रंग दिलेला. ती मुलाला एका शब्दानं बोलली नाही. नवऱ्याशी मात्र महिनाभर अबोला धरला, कारण मुलाचं गणित तो घेत असे.

मी, बायको आणि आमची नलू, आम्ही तिघं सोनगीरहून आलो तेव्हा नलू पाचवीत होती. सात वर्षांत आम्ही गोठ्यापासून दोन खिडक्यांपर्यंत पोचलो. नलू मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी झाली. तिला कॉलेजात जायचं होतं. धुळ्यात दुसरी खोली घ्यायची तर पागडी; ती माझ्यासारख्या कचेरीतल्या कारकुनाला कुठली परवडायला? खोली गेली की परत सोनगीर, आणि पोरीचं शिक्षण संपलं.

कचेरीतले सगळे म्हणाले, "हलू नका. तुम्हाला काढण्याची नानाची काय टाप आहे? कायदा तुमच्या बाजूनं आहे." मलाही चेव आला. कायद्याचं कलम एका कागदावर उतरवून घेतलं आणि रविवारी सकाळी मी दारात खुर्ची टाकून बसलो.

मी बसलो आणि सगळी चाळ तुंबली. दहावीवाले निघणार कुठे, तर माझ्या खोलीत. नववीवाले दहावीच्या. अंगणात सहा बिऱ्हाडं गाद्या, हंडे, पाटे-वरवंटे घेऊन उन्हात उभी. हिरामणभाऊंची बायको डोक्यावर परात धरून माझ्याकडे अशी बघत होती की मी खुर्ची जरा आत ओढली. फाटकापाशी साक्रीकडून आलेली बैलगाडी थांबली होती. बाजरीच्या पोत्यावर एक मुलगी, तेल चोपडलेल्या घट्ट दोन वेण्या, मांडीवर नवं दप्तर. पाचवीतली.

मी नानांना कलम वाचून दाखवलं. त्यांनी ते नीट उभं राहून ऐकलं.

"कायदा बराबर शे भाऊ," ते म्हणाले. "पन त्या पोरले मी काय सांगू?"

"आणि माझ्या पोरीला मी काय सांगू?" मी म्हणालो.

नाना फाटकाजवळच्या आपल्या खोलीत गेले. एकटा माणूस, मूलबाळ नाही, बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली. त्यांनी आतून वळकटी आणली, एक ट्रंक ओढत आणली, आणि गुरांचा कडबा ठेवायच्या खोलीकडे चालू लागले.

"नाना, हे काय करताय?"

"मनी खोली तुम्ही ल्या. पोर कालेजमा जाऊ द्या."

"आणि तुमचा नियम? मॅट्रिक झालेल्यानं जायचं, तो?"

नाना ट्रंकेवर बसले. अख्खी चाळ ऐकत होती, पण ते माझ्याशीच बोलत होते.

"नियम मीच कया भाऊ. मनाच खोल्यास्माईन बठ्ठा पोरं पास व्हयनात आन गयात. कोन्ही वकील शे, कोन्ही मास्तर शे. एकबी परत फिरीसन उना नही." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "एक तरी पास व्हयेल पोर मना घरमा ऱ्हाऊ द्या ना."

सात वर्षं या माणसाची मी कचेरीत नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. मला माझी लाज वाटली.

मी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. दहावीवाले हंडे घेऊन आत शिरले, त्यांच्यामागून नववीवाले, आणि सगळं अंगण हलायला लागलं. नलू पुढे झाली. तिनं नानांची वळकटी उचलली आणि कडब्याच्या खोलीकडे न जाता त्यांच्याच खोलीत परत नेऊन ठेवली.

"नाना, आम्ही तिघं इथं मावतो," ती म्हणाली. "चौथं माणूस काय जड आहे?"