दाजींची न संपणारी कादंबरी

कुडपणला दाजींच्या दारात जाऊन हाक मारली की आतून दाजीच उत्तर द्यायचे, "दाजी घरात नाय. पोलादपुरास गेलाय." आवाज त्यांचाच, तो बदलायचीही तसदी नसे. मी ओटीवर बसून राहायचो. बऱ्याच वेळाने ते बाहेर येत, लिहिलेले कागद माझ्या पुढ्यात ठेवत आणि पुन्हा आत नाहीसे होत.

माझा महाडात छापखाना होता. लग्नपत्रिकांच्या जोडीला मी दाजींची कादंबरी भागाभागाने छापायचो. गणपत नावाचा डोंगरातला मुलगा मुंबईला गोदीत कामाला लागतो, एवढीच गोष्ट. पण लोक वाट पाहून घ्यायचे. तीन भाग झाले तरी ती संपेना. गणपत खोली घेई, भजनात मृदंग शिके, मुकादमाशी भांडे. घरी मात्र येत नसे. वाचक मला रस्त्यात अडवू लागले. शेवटी मी दाजींना म्हणालो, याला गावी तरी आणा, नाहीतर एकदाचा मारून टाका. शेवट आल्याशिवाय चौथा भाग छापणार नाही. त्यांनी कागद उचलले आणि ते आत गेले.

परत निघालो तेव्हा त्यांच्या चुलत्याने मला वाटेत थांबवलं आणि खरं काय ते सांगितलं. गणपत हा दाजींचा धाकटा भाऊ. गोदीत अंगावर माल पडून तो कधीच गेला होता. आईला कुणी सांगितलं नव्हतं. ती भाकऱ्या थापायला बसली की दाजी तिला गणपतची खबर सांगत, आणि तीच खबर मग कागदावर उतरवत.

मी शेवटाचा हट्ट सोडला. चौथा भाग निघाला, पाचवाही निघाला.

त्यानंतरच्या शिमग्याला आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर दाजी स्वतः महाडला आले, थेट छापखान्यात. आता गणपतला गावी आणणार का, असं मी हळूच विचारलं.

"आयेला ठाव होतं," ते म्हणाले. "पयल्यापासनं. जाताना बोलली, गणपा गेला ते मला म्हायत हाय रे. पर तू कुनाशी बोलत नायस. त्याचं सांगायला तरी माझ्याजवळ बसायचास."

सहावा भाग मी मागितला नाही. चहा मागवला. तो निवला तरी दाजी उठले नाहीत. पोलादपूरची शेवटची एस.टी. त्यांनी जाऊ दिली आणि मला गणपतच्या लहानपणचं सांगू लागले.