सेफेकोपेच्या कन्याशाळेचं पाचवं प्रवेशद्वार

कोणत्याही शिक्षणसंस्थेची थोरवी तिच्यात शिरायला किती दारं आहेत, यावरून ठरते. या कसोटीवर घानातल्या सेफेकोपे गावच्या निवासी कन्याशाळेचा हात धरणारी दुसरी शाळा व्होल्टा नदीच्या अलीकडे तरी नाही. आमच्या शाळेला पाच प्रवेशद्वारं आहेत. (कुंपण नाही. बकऱ्या बाजूने येतात.)

मी इथे गेली बावीस वर्षं गणित शिकवतो, त्यामुळे हा इतिहास ऐकीव नाही. मिशनऱ्यांनी शाळा टेकडीवर काढली, कारण टेकडी देवाला जवळ पडते. ओढा मात्र पायथ्याशीच राहिला. मधलं अंतर मुली रोज पहाटे डोक्यावर बादल्या घेऊन भरून काढतात. सेफेकोपेच्या मुलींची मान ताठ असते, असं एका तपासनिसांनी कौतुकाने लिहूनही ठेवलं आहे. पाणी कमी पडलं की आधी आंघोळ जाते, मग धुणं, आणि शेवटी गारी भिजवायलाही पाणी उरत नाही. कसाव्याचा हा रवा कोरडा खाल्ला तर घशात बसतो. त्या दिवशी वसतिगृहात अनुकरणीय शांतता असते.

शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली की त्या वर्षीच्या तुकडीने शाळेला काहीतरी द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. सगळ्या बाया एकाच छापाचं कापड नेसून ढोल वाजवत येतात आणि प्रवेशद्वार देतात. प्रवेशद्वारच का? तर त्याच्याखाली अख्खी तुकडी फोटोत मावते. (एका तुकडीने पुस्तकं दिली होती. ती कुठल्या वर्षाची, हे आता कुणालाच आठवत नाही.) पहिल्या दारावर वर्ष कोरलेलं आहे, दुसऱ्यावर वर्ष आणि नावं, तिसऱ्यावर नावं आणि नवऱ्यांचे हुद्दे. चौथ्यावर सिंह आहेत.

पाचवं दार आलं, त्या वर्षीच्या डिसेंबरात आमच्या मुख्याध्यापिका मादाम डेला अग्बेन्यो निवृत्त व्हायच्या होत्या. जाण्याआधी टेकडीवर पाणी चढलेलं बघायचं, एवढी एकच त्यांची इच्छा. एका परोपकारी संस्थेने बोअर मारून दिली होती. पंप त्यांच्या पुढच्या योजनेत होता, आणि पुढच्या योजनेआधी संस्थाच बंद पडली. तेव्हा शहाण्णवची तुकडी काय भेट द्यायची ते ठरवायला आली, तसं मादामनी तिच्या अध्यक्षीणबाईंना, म्हणजे आपल्याच जुन्या विद्यार्थिनीला, सरळ सांगितलं.

"एन्योनाम, या वेळी पंप दे गं."

"पंप? छान! कुठे दिसेल तो?"

"दिसत नाही. जमिनीखाली असतो."



"मादाम, काहीतरीच काय तुमचं! पुढच्या वर्षी सत्त्याण्णवच्या सटव्या येतील, विचारतील, तुमचं कुठंय? तेव्हा मी काय मातीकडे बोट दाखवू?"

"मुली ओढ्यावरून पाणी वाहतात गं अजून."

"मग? आम्ही नाही वाहिलं? म्हणून तर घडलो!"

मादामनी खिडकीतून चौथ्या दारावरच्या सिंहांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, दारच द्या. पण वर पाण्याची टाकी ठेवा. सिंहांपेक्षा उंच होईल."

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. एवढी मोठी टाकी वर चढल्यावर ती रिकामी ठेवायला कोण धजेल, असा मादामचा हिशेब होता. मी गणिताचा शिक्षक, मला त्यात चूक सापडली नाही.

टाकी रिकामी राहिली नाही, हे मान्य केलं पाहिजे. उद्घाटनाला मंत्री नळ सोडणार होते, म्हणून आदल्या दिवशी मुलींनी ओढ्याचं पाणी टेकडीवर आणलं आणि शिडीवरून टाकीत ओतलं. मंत्र्यांनी नळ सोडला, पाणी आलं, बायांनी फेर धरला. माझ्या मागे उभी असलेली भोजनगृहाची विद्यार्थिनी-प्रमुख, मावुसी, कुजबुजली, "सर, हे माझंच पाणी. शेवाळावरून ओळखलं मी."

पुढे विश्वस्त मंडळाने ठरवलं की एवढी देणगी वाया जाता कामा नये. यापुढे पाणी टाकीच्या नळाचंच वापरावं. त्यामुळे हल्ली मुली ओढ्यातून पाणी आणतात, शिडी चढून टाकीत ओततात, खाली उतरतात आणि रांगेत उभ्या राहून नळावर भरून घेतात. मानेबरोबर आता पोटऱ्याही मजबूत होत आहेत.

डिसेंबरात मादाम निवृत्त होऊन गेल्या. निघताना त्या टाकीखाली उभ्या राहिल्या आणि शिडीवरच्या मुलींकडे बघत राहिल्या, तेव्हा मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या देशात माणसं नावासाठी देत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? बघा की त्यांना विचारून." (परदेशात माणूस आपल्या देशाबद्दल काहीही बोलतो.)

म्हणून हा मजकूर. पंप एकच हवा आहे. तो जमिनीखाली जाईल, वर माती, मातीवर बकऱ्या. मराठी माणसाच्या दानतीबद्दल मला शंका नाही. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा देवळात घामाघूम होऊन बसलो होतो. डोक्यावर पंखा होता, पण बंद. फिरला की पात्यावरचं देणगीदाराचं नाव वाचता येत नाही, असं पुजारी म्हणाले.

तेव्हा संकोच न करता कळवा. पंपाच्या झाकणावर थोडीशी जागा असते का, असं आत्ता तुमच्या मनात आलं. असते. मी मोजून ठेवली आहे. वडिलांच्या नावासकट बसेल.