सगळ्यात जास्त काट्यांचा मासा

आम्ही दोघं शेवटचं एका टेबलावर जेवलो ते मस्कतला, लेकीकडं गेलो होतो तेव्हा, समुद्राकाठच्या एका टपरीत. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोळशाची शेगडी, बाजूला बर्फात मांडलेले मासे. आपण मासा दाखवायचा, तो भाजून देणार. तिथं माझ्या बायकोनं, शालननं, आचाऱ्याला विचारलं, "भाई, सबसे जास्ती काटे किसमें है?"

आचारी बांगलादेशचा. त्याला वाटलं म्हातारीचं हिंदी चुकलं. म्हणाला, "अम्मा, बिना काटे का चाहिये ना? सुरमई लो."

"सुरमई इनको दे." तिनं लेक-जावयाकडं बोट केलं. मग माझ्याकडं. "इनको काटेवाला."

सोलापुरात आमचा शेजार सगळा मुसलमानांचा, त्यामुळं हिंदीत ती कुणाला हार जायची नाही. चुकलं काहीच नव्हतं. पण हे किती उलटं होतं ते कळायला आधी शालन कळायला पाहिजे.

ती करमाळा तालुक्यातली, उजनीच्या पाण्याकाठची. बाप जाळं टाकायचा. मी माळशिरसकडचा. जात एकच, पण आमच्या बापजाद्यांनी पाणी सोडून ऊसतोडीचा कोयता धरलेला. मी चौथी शिकलो, तेवढ्यात पुस्तकात मासा बघितला असेल तेवढाच. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो, तर पुढ्यात रोहूचं कालवण. दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. सासूनं कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, मेव्हण्यानं पाठीत बुक्क्या घातल्या. सासरा बाहेर ओट्यावर बसून म्हणाला, "पोरगी दिली खरं, पर जावई कच्चा निगाला."

त्या संध्याकाळपासून माझ्या माशातले काटे शालन काढायला लागली. चाळीस वर्षं काढत होती. तुकडा घ्यायची, अंगठ्यानं दाबायची आणि काटे ताटाच्या कडेला एका रांगेत मांडायची, शाळेतली पोरं उभी करावीत तसे. मी चादरीच्या कारखान्यात टेंपो चालवायचो. डब्यात मासा असला तरी काटा काढलेला. हमाल लोक विचारायचे, "तात्या, वैनी चावून बी देत्यात का?" मी म्हणायचो, "तुमच्या बायका काय देत्यात ते आदी सांगा."

तिचं एकच वाक्य होतं. "आदी डोळा बगावा." मासा घेताना डोळा बघायचा. डोळा पाणीदार, फुगीर असला की मासा ताजा. आत गेलेला, धुरकट असला की शिळा. मग कल्ला उचलून बघायचा, पण आधी डोळा. मच्छी बाजारात ती लांबून दिसली की बायका माशांवर घाईघाईनं पाणी मारायच्या.

बरं, माशांपुरतं असतं तर चाललं असतं. सुनीला, म्हणजे आमच्या लेकीला, बघायला आले तेव्हा मी पोराची नोकरी, पगार, जमीन विचारत बसलो. हिनं चहाचा कप देताना वाकून त्याच्या डोळ्यात बघितलं, आत गेली आणि सुनीला म्हणाली, "ताजा हाय. करून टाक." तोच जावई आता मस्कतला कामाला आहे. टेंपोचा नवा मालक पहिल्यांदा घरी आला, तेव्हा तो दारातनं बाहेर पडायच्या आत म्हणाली, "शिळा हाय." पुढं दोन महिने पगार मागितला की तो ऐकू येत नसल्यासारखा वागला. विमानतळावर पासपोर्ट तपासणारा म्हणाला, आजी, कॅमेऱ्यात बघा. ही त्याच्याकडंच बघत उभी. शेवटी मला म्हणाली, "आवं, ह्यो पोरगा झोपल्याला न्हाई." तो हसला आणि शिक्का मारला.

अशी बाई त्या टपरीत माझ्यासाठी काट्यांचा मासा मागत होती.

ताट आलं. वीतभर लांबीचे सहा मासे, अंगाला तिखट आणि वाळलेल्या काळ्या लिंबाची पूड चोळून भाजलेले, शेजारी भाताचा ढीग. वास चांगला होता, खोटं कशाला बोलू. सुनी आणि जावई सुरमईवर तुटून पडले. शालननं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि स्वतःचे हात पदरात घेतले.

"काढ की," मी म्हणालो.

"माजं हात दुकत्यात. आज तुमी काढा."

"मग येताना सुनीची पोतंभर बॅग कुणी उचलली?"

"त्यानंच दुकत्यात."

"तुला काढायचे नव्हते तर काटेवाला मागवला कशाला?"

तिनं एक मासा उचलला, माझ्यापुढं धरला. "हितं अंगठा ठिवायचा. शेपटाकडनं यायचं. काटा वडायचा न्हाई, सोडवायचा. वडला की मोडतुय."

"म्हातारपणी मला शाळेत घालतीस व्हय?" मी म्हणालो, आणि खुर्ची वळवून समुद्राकडं बघत बसलो. जावई मान खाली घालून जेवत होता. सुनी म्हणाली, "आप्पा, एक तरी." मी भात नुसता खाल्ला. शेंगाचटणीची पुडी शालनच्या पिशवीत कायम असायची, ती काढून घेतली आणि चटणीभात खाल्ला. शेजारच्या टेबलावरचा एक दाढीवाला म्हातारा माझ्याकडं बघत होता. परदेशात येऊन चटणीभात खाणारा माणूस त्यानं बघितला नसेल.

शेवटी शालननंच काढले. सहाच्या सहा मासे. हात बिलकूल दुखत नव्हते. काटे केसांसारखे बारीक, तरी ताटाच्या कडेला रांग लागली. साफ केलेले तुकडे तिनं माझ्याकडं सरकवले. गार झालेले. मी खाल्ले. चव आली, पण मी सांगितलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर शिकवते."

घरी जाणं झालंच नाही. सोलापूर स्टेशनवर उतरलो तर तिला दोन पायऱ्या चढवेनात. तिथनं सरळ दवाखान्यात. डॉक्टरनं बॅटरी लावून तिचा डोळा बघितला. ती मला हळूच म्हणाली, "शिकल्याला दिसतुया. आदी डोळा बगतुय." मी हसलो. चार दिवस होती. बुधवारी दुपारी गेली. नर्सनं तोंडावरची चादर सारून मला बोलावलं. मी तिचे पाय बघितले, हात बघितले. डोळा बघितला नाही. धाडस झालं नाही.

तेराव्याला पंगत उठली, माणसं गेली. मस्कतहून आलेली सुनी आईच्या गोळ्यांचा डबा आवरत बसली होती. गोळ्या लई होत्या. मला ती गॅसच्या म्हणून सांगायची. मी म्हणालो, "गॅसला एवढ्या गोळ्या?"

सुनी डबा मांडीवर घेऊन बसली. "आप्पा, गॅस न्हवता. काळीज निम्मंच चालतंय, असं डॉक्टरनं दिवाळीच्या आदीच सांगितलं हुतं. मी माहेरी आल्ते तवा, संगं गेल्ते."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणली, त्यास्नी सांगू नको, जेवायचं न्हाईत." मग म्हणाली, "किती दीस हाईत, असं तिनं डॉक्टरला इचारलंच न्हाई. म्हणली, घरात एक मानूस हाय, त्याला मासं खायला शिकवायचंय. तेवडं दीस निगत्याल का?"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"तो हसला. तिला वाटलं, व्हय म्हणला."

मी खिडकीशी उभा होतो.

"त्या टपरीवर तिनंच न्यायला लावलं आमाला," सुनी म्हणाली. "म्हणली, घरी त्ये ताट सारून उटत्यात. तितं परक्या मुलकात, जावयापुढं, उटून जात्याल कुटं? लाजंकाजंनं तरी एक काडत्याल."

सुनी परत डबा आवरायला लागली. शालनचा हिशेब बरोबर होता. मी उठून गेलो नव्हतो. फक्त खुर्ची वळवली. समुद्रात बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मच्छी बाजारात गेलो. शालन जिच्याकडनं मासा घ्यायची ती मुमताजबी मला एकटा बघून पाणी मारायची थांबली. म्हणाली, "चाचा, सुरमई हाय बर्फातली. काटा न्हाई त्यात."

"रोहू दे. काट्यांचा."

वाकून डोळा बघितला. फुगीर होता. कल्ला लाल होता. मुमताजबी म्हणाली, "आज घाई न्हाई चाचा, निवांत बगा."

कालवण सुनीनं केलं. ताट घेऊन मी जमिनीवर बसलो. ती शेजारी येऊन बसली, हात पुढं केला. "आना आप्पा, मी काडते."

"हात लावू नको," मी म्हणालो.

अंगठा ठेवला. शेपटाकडनं आलो. पहिला काटा ओढला, मोडला. दुसरा सोडवला. कालवण गार झालं, वर तेलाचा थर आला, तरी एकच तुकडा झाला होता. काटे ताटाच्या कडेला लावले. तिच्यासारखी रांग आली नाही, वाकडी आली. मग घास तोंडात घातला.

एक काटा राहिलाच होता. जिभेला लागला. तो काढला आणि रांगेत ठेवला.