बुडापेस्टची रंगीत तालीम

“मी सोयऱ्याच्या घराबाहेर जिंदगीत कुठी झोपली नाही,” निर्मलाबाईंनी तांदूळ धुता धुता जाहीर केलं. “अनोळखी गावात, अनोळखी लोकायमधी मले झोप लागते का नाही, ते पाहा आधी. मग माह्या नावाचा अर्ज भरा.”

अर्ज व्हिसाचा होता आणि तो सोमवारी भरायचा होता. यादोराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली होती, आणि ही चारही वर्षं त्यांनी एकाच गावाचा ध्यास घेतला होता. ते गाव म्हणजे बुडापेस्ट. फार पूर्वी कोणी प्रवासी बसमध्ये एक कॅलेंडर विसरून गेला होता. त्याच्या नोव्हेंबरच्या पानावर एक नदी होती, नदीवर पूल, पुलाच्या अलीकडे बुडा आणि पलीकडे पेस्ट. यादोरावांचं घर कारध्याला. पुढ्यात वैनगंगा, तिच्यावर पूल, पलीकडे भंडारा. आपल्यासारखंच गाव जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथंही कोणीतरी रोज डबा घेऊन पूल ओलांडतो, एवढ्या विचारानं या माणसाचा जीव हरखून जायचा.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी स्वस्तातल्या प्रवासाच्या टिपांची एक वही भरली होती. दोन नंबरची ट्राम नदीकाठानं जाते, तिकिटाच्या पैशात अर्धं शहर पाहून होतं. तिकीट आपलं आपणच यंत्रात घालून छापून घ्यायचं, कंडक्टर नसतो. ही टीप ते देवाच्या आरतीसारखी पुन्हापुन्हा वाचत. ज्यानं हयातभर “तिकीट, तिकीट” करून घसा फोडून घेतला, त्याला असं गाव स्वर्गच वाटणार.

एकट्यानं जायचं मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. “त्या पुलावर उभा राहून ‘पाह्य ना वो’ म्हणू तं कोणाले म्हणू?” ते विचारत.

म्हणून ठरली रंगीत तालीम. गुरुवारी सकाळी पाठीवर एकेक पिशवी टाकायची, पायी भंडाऱ्याला जायचं, तिथल्या यात्री निवासात दोन रात्री राहायचं. एका खोलीत आठ खाटा, थेट परदेशातल्या हॉस्टेलासारख्या.

“पण भंडाऱ्यात तं आपले इवाई राहतात,” निर्मलाबाई म्हणाल्या. व्याही म्हणजे सून रुपाचे वडील, कोशाच्या रेशमी कापडाचे व्यापारी नंदलालजी.

“राहू दे ना. त्यायच्या घरी जायाचंच नाही. आपण टुरिस्ट.”

“बाबा, लोक काय म्हणतीन?” मुलगा धनंजय कळवळून म्हणाला.

“लोकायले सांगायचंच नाही. आपला बेत रस्त्यात कोणाले सांगू नये, टीप नंबर अकरा.”

घोटाळ्याचं मूळ इथंच होतं. आमच्याकडे व्याह्याच्या गावात जाऊन व्याह्याकडे पाणीसुद्धा न पिणं हा असा गुन्हा आहे, की त्याला साक्षीपुराव्याची गरज पडत नाही. पण यादोरावांच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी नोव्हेंबरचं पान होतं, आणि पानावरच्या गावात त्यांचा एकही व्याही राहत नव्हता.

पुलावर नत्थूनं ऑटो थांबवला. “कंडक्टरकाका, बसा ना. काकूच्या पाठीवर कायचं ओझं?”

“नाही रे, पैदलच जायाचं ठरलं.”

“कुठी?”

यादोरावांना अकरावी टीप आठवली. “असंच,” ते म्हणाले. नत्थूनं दोघांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. भाडं न मिळाल्याचं दुःख त्याला झालंच नाही, त्याला भलतंच दुःख झालं.

पुलाच्या मध्यावर नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. त्या धुक्यात भंडारा दिसत नव्हतं, म्हणून ते काहीही असू शकत होतं. “हे पाह्य ना वो,” यादोराव म्हणाले, “आपण आता बुडात आहो. ते तिकडं पेस्ट. डोंगे बांधले ना, तिथं बोटी लागतात.” निर्मलाबाईंनी या पुलावरून हजारदा ये-जा केली होती, पण नेहमी कोणाच्या तरी बारशाला नाहीतर दवाखान्यात. नुसतं पाहायला त्या तिथं पहिल्यांदाच थांबल्या. त्यांना ते आवडलं.

दुपारी दोघं खांब तलावाच्या काठी बाकावर बसले. हॉटेलात न जाता बाजारातून घ्यावं आणि उघड्यावर खावं, या टिपेनुसार पाव, केळी आणि दही आणलं होतं. पाणी सार्वजनिक नळाचं. नेमक्या तिथून कारध्याच्या मनकर्णाबाई वांग्यांची रिकामी टोपली घेऊन चालल्या होत्या.

“बाप्पा! निर्मले, सुका पाव खाऊन राहिली? घरी सून नाही का?”

“आहे ना,” निर्मलाबाई म्हणाल्या आणि टीप आठवून गप्प बसल्या. मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि टोपली सावरत त्या जवळजवळ पळतच गेल्या. त्यांच्या वाटेवरच नंदलालजींचं दुकान होतं.

यात्री निवासात दोन खाटा मिळाल्या. शेजारच्या खाटेवर बपेऱ्याचे एक म्हातारबुवा कोर्टाच्या तारखेसाठी आले होते. बपेरा म्हणजे तुमसरच्याही पुढे, मध्य प्रदेशाला टेकलेलं. जिल्हा तिथं संपतो. निर्मलाबाई जरा पाठ टेकायची म्हणून आडव्या झाल्या आणि बघता बघता गाढ झोपल्या. चहा मांडा म्हणणारं कोणी नव्हतं, कुकरची शिट्टी नव्हती. यादोराव समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. झोपेतला हा चेहरा ते ट्रामच्या खिडकीशी ठेवून पाहत होते, आणि तो तिथं शोभत होता. अट पूर्ण झाली होती! त्यांनी अर्ज मनातल्या मनात भरूनसुद्धा टाकला.

साडेचार वाजता दार धाडकन उघडलं. नंदलालजी, त्यांच्या पत्नी शोभाताई, नत्थू, मनकर्णाबाई, दुकानातले दोघं आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घातलेला धनंजय आणि रडून लाल झालेली रुपा. निर्मलाबाई दचकून उठून बसल्या.

“आम्ही मेलो होतो का, इहीनबाई?” शोभाताईंनी हंबरडा फोडला. “पोरीनं घराबाहेर काढलं तं आमच्या घरी यायचं ना! धर्मशाळेत कायले?”

“कोणी काढलं नाही जी,” यादोराव उठले. “ही परदेशात जायाची तयारी होय.”

“पाहा!” नंदलालजी सगळ्यांकडे वळले. “पोराची अब्रू वाचवायले बाप काय काय बोलते!”

“मामाजी, बाबा खरं सांगून राहिले,” धनंजय म्हणाला.

“जवाईबापू, जरा लाज ठेवा. कारध्याहून परदेशात कोणी पैदल जाते का?”

यादोरावांनी शेवटचा उपाय म्हणून वही पुढे केली. टिपा तिथं स्वच्छ अक्षरात होत्या. दुर्दैवानं गावाचं नाव कुठंच नव्हतं, कारण ज्या गावाशिवाय दुसरा विचार नाही त्याचं नाव कोण लिहितो? नंदलालजींनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

“‘सामान कमीत कमी न्यावं. दुपारी एकदाच पोटभर जेवावं, रात्री पावावर भागवावं.’” त्यांनी चष्मा काढून पुसला. “‘नळाचं पाणी फुकट असते, तेच प्यावं. बाकावर किती बी वेळ बसलं तरी कोणी हटकत नाही.’” पुढं त्यांना वाचवेना. नत्थू भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला.

“आमच्या बपेऱ्याकडं असं नाही चालत,” शेजारच्या खाटेवरून म्हातारबुवा म्हणाले. “लिहून घ्या पोराकडून.”

आणि खरोखरच लिहून घेतलं. ‘मी आईवडिलांना घरात ठेवीन व दोन्ही वेळा गरम जेवण देईन’ असं त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून धनंजयनं सही केली. सुटका लवकर व्हावी म्हणून रुपानंही केली. साक्षीदार म्हणून बपेऱ्याच्या बुवांनी अंगठा दिला.

मग वरात नंदलालजींच्या घरी. वडाभात, भरलं वांगं, पुऱ्या. निर्मलाबाईंच्या ताटात चार हात एकदम वाढत होते. बातमी पसरली तसे गल्लीबोळातले सोयरे येत गेले, आणि प्रत्येकानं त्यांना सुरुवातीपासून सांगायला लावलं. यादोराव कोपऱ्यात बसले होते. त्यांचं बुडापेस्ट जेमतेम नऊ तास टिकलं होतं, आणि आता सोमवारी काय होणार हे त्यांना विचारायचीही हिंमत होत नव्हती. खूप वाईट वाटत होतं त्यांना.

सकाळी चहा घेऊन, शोभाताईंचा डोळा चुकवून, दोघं पायीच परतीला निघाले. पुलाच्या मध्यावर निर्मलाबाई आपण होऊन थांबल्या. नदीवर कालचंच धुकं होतं. या वेळी कारधा दिसत नव्हतं.

“अजी, त्या गावात आपला कोणी सोयरा नाही ना?”

“नाही वो. एक बी नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“काल त्या धर्मशाळेत अनोळखी लोकायमधी मस्त झोप लागली मले,” त्या कठड्याला टेकून म्हणाल्या. “अन् रातभर सोयऱ्यायमधी डोळ्याले डोळा लागला नाही. दोघायचे अर्ज भरा.”

यादोरावांनी नुसतं नदीकडे बोट दाखवलं, आणि निर्मलाबाईंनी पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शोभाताई होत्या. “इहीनबाई, रुपानं सारं समजावून सांगितलं मले. तुम्ही खरंच कुठी चालल्या म्हणते! आम्ही उगाच रडलो बाप्पा. पण कोणतं गाव ते तिले नीट सांगता नाही आलं. सांगा ना, आमचा पोरगा चंदन सोय करून देते. कोणी ना कोणी सोयरा निघतेच.”

निर्मलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं. टीप नंबर अकरा.

“बपेऱ्याच्या पलीकडं हाय जी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बरंच पलीकडं. एसटी जात नाही.”

“बपेऱ्याच्या पलीकडं? अवं, थांबा, तिकडं वारासिवनीले तं आमच्या मंजुषाची...”

निर्मलाबाईंनी फोन बंद केला आणि पिशवीच्या अगदी तळाशी, पावाच्या खाली ठेवून दिला.