तक्त्याचा माग

वाघ कुठं गेला हे कोणताही वनरक्षक सांगेल. वाघ कोणत्या विचारात गेला, हे पोंभुर्णा तालुक्यात फक्त मी सांगतो. मी, सोमाजी. वनखात्यातून निवृत्त झालो तरी प्लॅस्टरची पिशवी जवळ ठेवली आहे. ठसा दिसला की प्लॅस्टर ओतायचं, सुकलं की उचलायचं आणि गुन्हेगार ओळखायचा. आजवर एकाही वाघानं माझ्याविरुद्ध तक्रार केलेली नाही.

त्या सकाळी मुख्याध्यापिका इंदुताईंनी बोलावलं. दहावीच्या वर्गातला इंग्रजीचा तक्ता गायब होता. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, हायपरबोली हे अलंकार आणि खाली पत्रलेखनाचा नमुना, असं सगळं सरांनी त्यावर लिहिलं होतं. परीक्षा तोंडावर, दुपारी उजळणीचा तास आणि सर पहाटेच्या बसनं चंद्रपूरला गेलेले. वर्गाची किल्ली शिपाई लालसूकडे. तो रोजंदारीवर. दुपारपर्यंत तक्ता सापडला नाही तर त्याचं नाव संस्थेला कळवावं लागेल, असं बाई म्हणाल्या. लालसू खांबाला टेकून उभा होता.

मी भिंत हुंगली. तक्त्याला मागून कणकेची खळ लावलेली होती. म्हणजे ती खायला आलेलं अस्वल.

"अस्वल जाताना कुलूप लावून जाते का, भाऊ?" इंदुताईंनी विचारलं.

मी लगेच दुसऱ्या निष्कर्षावर आलो. अहेरीचा कोणी ट्यूशनवाला आमच्या पोरांचे अलंकार पळवून नेतोय. पण अहेरीहून इतक्या लांब एका तक्त्यासाठी कोण येईल, असं बाईंनी विचारलं. मग मी लालसूकडे वळलो. त्यानं पाय पुढे केले. अनवाणी.

वर्गाच्या मागच्या दाराशी लालसूनं आदल्या दिवशी माती लिंपली होती. तिच्यात चपलेचा एक स्वच्छ ठसा होता. मी प्लॅस्टर ओतलं आणि सुकेपर्यंत सगळ्यांना माहिती दिली. मादी. पूर्ण वाढलेली. डाव्या पायावर भार. नुकतीच पोटभर जेवलेली.

साचा उचलून उलटा केला. टाचेवर टायरचं तिरपं ठिगळ होतं. ते मीच मारलं होतं. मैनाच्या चपलेला.

मैना, माझी बायको, दिवाळीनंतर वारली. तिच्या चपला घराच्या मागच्या दारी होत्या. मागचं दार आणि सैपाकघर तिचं होतं. तेव्हापासून तिकडे मी जात नाही, माझं ताट ओसरीवर येतं.

"कोण हाये?" इंदुताईंनी विचारलं.

मी म्हटलं, थोडा वेळ द्या. नोकरीत असं कधी म्हटलं नव्हतं.

घराला वळसा घालून मागच्या दारी गेलो. लालसू मागोमाग. मैनाच्या चपला जागेवर नव्हत्या. शेजारची गिरजाबाई सूप परत द्यायला आली होती. ती आतूनच बोलली, "अजी भाऊ, शाळेचा तक्ता चुलीपाशी काऊन टांगला जी?"

लालसूनं आत डोकावून पाहिलं.

तेवढ्यात माझी दहावीतली लेक दामिनी मोहफुलं वेचून आली. डोक्यावर टोपली, पायात मायच्या चपला.

"उदईनं कोपरे पोखरले होते, बाबा, त्या तक्त्याचे. सर म्हणाले घरी ने, नवा लिहून आण. भात रांधता रांधता पाठ बी होते. काल तुमाले सांगतलं ना. तुमी हो म्हणाले."

म्हणालो असेन. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणतो.

लालसू तक्ता डोक्यावर घेऊन शाळेकडे निघाला. जाताना त्यानं विचारलं, "सोमाजीभाऊ, ते अस्वल सुटलं ना?" मी सुटलं म्हटलं.

संध्याकाळी दामिनी चुलीपाशी पाठ झालेलं आठवून नवा तक्ता लिहीत बसली. मी ताट घेऊन आत गेलो. तिनं माझीच उजळणी घेतली. तालुक्यात फक्त मीच, हे माझं वाक्य तिनं न विचारता हायपरबोलीत, म्हणजे अतिशयोक्तीत, टाकलं. सिमिलीला, म्हणजे उपमेला, मी इंदुताई वाघिणीसारख्या म्हणालो. ते तिनं लिहिलं नाही. मग म्हणाली, पर्सोनिफिकेशन म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. द्या उदाहरण.

मी भात कालवत विचार केला. "तुह्या मायच्या चपला मागच्या दारी वाट पाहत उभ्या होत्या. कोणी आलं नाई, म्हून शाळेत गेल्या."

दामिनीनं चुलीतली लाकडं सारखी केली.

"बरोबर हाये," ती म्हणाली.

नव्या तक्त्यात ते वाक्य इंग्रजीत आहे. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण ठसा ओळखीचा आहे.