एकतीस इंचांची काठी

साहेब, दोष तुमचा आहे! तुमचं नाव ठाऊक नाही, पण खुर्ची ठाऊक आहे. बससेवेच्या सामान विभागाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची, पाठीला उशी लावलेली. त्या खुर्चीत बसून तुम्ही एक नियम काढलात, आणि एका सरळमार्गी शिंप्याला भर दुपारी चाळीस माणसांसमोर उघडं पाडलंत. कसं, ते आता नीट ऐका. मध्ये चहा मागवू नका.

तर मास्तर. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, दोन जिने चढून, एका खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. मशीन खिडकीपाशी, कापायचं टेबल मधोमध, आणि गळ्यात पिवळा कापडी टेप. झोपताना चष्मा काढतील, पण टेप काढतील याची खात्री नाही. एकोणतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची मापाबद्दल तक्रार आलेली नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे. मग बायको आतून हळूच म्हणायची, "एक सोडून."

तो एक म्हणजे मोठ्या भावाचा कोट. दादा टपाल खात्यातून निवृत्त होऊन लांब डोंगरात, नदीकाठी राहायला गेले. तिथून त्यांनी पत्रात अंगाची मापं लिहून पाठवली, मास्तरांनी जीव ओतून कोट शिवला, पार्सल केला. उत्तर आलं : 'बाही इंचभर लांब आहे. तुला माप कळत नाही.' मास्तरांनी उलट टपाली कळवलं : 'तुला स्वतःचा हात मोजता येत नाही.' झालं! त्यानंतर नऊ वर्षं दोघांच्यात ना पत्र, ना फोन, ना हाक.

आणि एका सकाळी पोस्टकार्ड आलं.

'बारक्या, पाणी निवळलंय. मासे वर येतायत. चार दिवस ये. काठी स्वतःची आण. माझ्या काठीला हात लावू देणार नाही. दादा.'

मास्तरांनी ते कार्ड तीनदा वाचलं, मागून-पुढून पाहिलं, आणि उगाचच मशीनला तेल घालायला घेतलं.

"अहो, ते तेल बॉबिनमध्ये नाही, चहात चाललंय!" बायको म्हणाली. "जाताय ना?"

"बघू. काम पडलंय."

"बघू नाही. दादांनी एकदा बोलावलंय. दुसऱ्यांदा बोलावणारा माणूस नाही तो. काठी घ्या आणि निघा."

आता काठी म्हणजे कुठलीही काठी नव्हे. दादा मासे धरतात ते पिसांची खोटी माशी करून, ती दोरीच्या टोकाला बांधून, चाबकासारखी पाण्यावर फेकून. त्याला काठी लागते बांबूचीच, आणि तीही साधी कापलेली नाही. बांबूच्या सहा चिरफळ्या तासून, एकमेकींना चिकटवून केलेली. अशा काठ्या करणारा म्हातारा कारागीर गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तोंडात टाचण्या धरल्यासारखा तुटक बोलायचा.

"प्रवासात न्यायचीय," मास्तर म्हणाले. "ओढ्यातही चालली पाहिजे आणि मोठ्या नदीतही. एकच घेणार. पण अशी द्या की दादाचा... म्हणजे बघणाऱ्याचा आ वासला पाहिजे."

कारागिराने तीन काठ्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येक काठी जोडल्यावर साडेसात फूट. "ही दोन तुकड्यांची. उत्तम, पण बसमध्ये घेऊन जाल तर भांडण होईल. ही चार तुकड्यांची. पिशवीत मावते, पण सांधे फार. सांध्यापाशी काठी मुकी होते. ही तीन तुकड्यांची. दोन्हीकडचं चांगलं हिच्यात आहे."

मास्तरांनी तीन तुकड्यांची काठी जोडून गल्लीत एक फेक करून पाहिली. दोरी मागे गेली, सुंदर कमान झाली, आणि माशी येऊन त्यांच्याच कॉलरला अडकली.

"वजनदार मासा लागलाय," कारागीर म्हणाला. "सोडून द्या. म्हातारा दिसतोय."

पण मास्तरांच्या मनगटात काठी अशी काही थरारली होती की आता दुसरी नको. प्रश्न फक्त तुमच्या नियमाचा होता, साहेब. बसस्थानकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : कोणताही नग तीस इंचांपेक्षा लांब नको.

"तुकडा केवढा आहे?"

"एकतीस. तीस बांबू, वर सांध्याची टोपी."

मास्तर गालात हसले. गळ्यातला टेप सर्रकन ओढला, तुकड्याला लावला. "तीस! बरोब्बर तीस!"

"एकतीस आहे हो. मी केलीय."

"आणि मी मोजलीय! काका, या टेपवर आख्ख्या गावाच्या विजारी उभ्या आहेत!"

कारागिराने एकदा मास्तरांच्या विजारीकडे पाहिलं, आणि काठी कागदात गुंडाळली.

निघायचा दिवस उजाडला. दादांच्या गावाला दिवसातून एकच गाडी, दुपारी एकची. पाऊण वाजता मास्तर सामानाच्या खिडकीपाशी होते. काठीसाठी त्यांनी स्वतः जाड कापडाची खोळ शिवली होती, आत मऊ अस्तर, वर तीन बटणं. एवढा थाट त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या कोटाला केला नव्हता.

खिडकीशेजारी सामान मोजायची तुमची ती लोखंडी चौकट. कारकुनाने खोळ चौकटीत घातली. इंचभर बाहेर राहिली. त्याने तिरकी घातली. चौकट अरुंद, तिरकीही बसेना.

"नाही जाणार, काका."

"का नाही? तीस आहे!"

"चौकट तीस आहे. हे बाहेर आलंय."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी टेप काढला आणि चौकट मोजली. एकोणतीस! पुन्हा मोजली. एकोणतीस!

"फसवणूक!" मास्तर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, त्यामुळे आवाज जरा बारीक निघाला. "चौकट एक इंचाने कमी आहे! लोकहो, बघा!"

रांग जागी झाली. एक बाई पुढे आल्या. "तरीच! मागच्या महिन्यात माझी पेटी परत पाठवली यांनी!" एक जण म्हणाला, "माझ्या सासऱ्यांची तसबीर!" दुसरा म्हणाला, "माझी तर सासूच..." पण त्याचं कोणी ऐकलं नाही. बघता बघता चाळीस माणसं चौकटीभोवती जमली. मास्तरांना कोणीतरी बाकावर उभं केलं. टेप गळ्यातून काढून त्यांनी झेंड्यासारखा वर धरला. दादा आत्ता बघायला हवे होते, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"शांत राहा," कारकून म्हणाला. बिचारा तरुण होता, घामाघूम झाला होता. "कोणाकडे दुसरा टेप आहे का?"

रांगेत एक सुतार होता. त्याने कंबरेचा पोलादी टेप काढला, खाटकन लावला. चौकट : तीस. बरोबर तीस. मग त्याने खोळीतला तुकडा मोजला : एकतीस. मग, कोणी सांगितलं नसताना, मास्तरांच्या हातातला टेप घेऊन आपल्या टेपशेजारी ताणून धरला.

मास्तरांच्या टेपवरचा तीसचा आकडा सुताराच्या एकतीसवर आला.

"मास्तर, हा टेप कधीचा?"

"धंदा सुरू केला तेव्हाचा."

"कापड ताणतं हो, मास्तर. हे तुम्हाला मी सांगायचं?"

रांग पांगली. बाकावरून उतरायला मास्तरांना कोणी हात दिला नाही. ते खाली बसले आणि हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआप उलगडत गेला. गिऱ्हाइकाचं अंग ताणलेल्या टेपने मोजलं, कापडही ताणलेल्या टेपने कापलं. चुकीने चूक खाल्ली आणि कपडा अंगावर चोख बसला. एकोणतीस वर्षं! फक्त एका माणसाची मापं दुसऱ्या टेपने घेऊन पत्रातून आली होती. बाही इंचभर लांबच होती. नऊ वर्षं लांब होती.

एक वाजायला पाच मिनिटं. चालक गाडीत चढला.

"काठी ठेवून जा की, काका," कारकून हळूच म्हणाला.

"ती नसली तर तो नदीवर नेणार नाही. आणि नदीवर नेलं नाही तर आम्ही बोलणार कुठे? घरात बसून आम्हा दोघांना बोलता येत नाही रे."

कारकुनाने इकडे-तिकडे पाहिलं आणि तुमचं नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं. "हे बघा. नियम बांधलेल्या सामानाला आहे. प्रवाशाने हातात धरलेली एक वस्तू सामानात धरत नाहीत."

"मग हे तीन तुकडे हातात धरतो!"

"तीन नाही. एक."

"आणि ती एक वस्तू किती लांब चालते?"

त्याने पान उलटलं, मागचंही बघितलं. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी खोळीची तिन्ही बटणं उघडली.

तर साहेब, एकतीस इंच चालत नाही म्हणून ते साडेसात फूट घेऊन चढले! मूठ मास्तरांच्या मांडीवर, टोक तीन ओळी पुढे. "तुमचं टोक माझ्या केसांत येतंय," पुढच्या बाई म्हणाल्या. "बाई, जरा सांभाळा, नाजूक आहे ते," मास्तर म्हणाले. मग त्या बाईंनी सहा तास ते टोक दोन बोटांत धरलं. चढणारे वाकून चढले, उतरणारे रांगत उतरले. वाहकाने तिकिटं काठीच्या खालून दिली. कोणी ब्र काढला नाही. सगळं नियमात होतं!

थांब्यावर दादा उभे होते. अंगात तोच कोट, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. आधी काठी उतरली, बऱ्याच वेळाने मास्तर दिसले. पायरीवरूनच म्हणाले, "दादा, बाही लांबच होती. टेप ताणलाय माझा."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं.

"आधी उतर, गाढवा. गाडी खोळंबलीय."

मग टोक दादांनी धरलं, मूठ मास्तरांनी, आणि दोघं एकामागोमाग घराकडे निघाले. वाटेत दादांनी विचारलं, "वेगळी करता येत नाही का रे ही?"

"येते."

"मग?"

"राहू दे."

चार दिवसांसाठी गेलेले मास्तर. आज अठरावा दिवस. आतापर्यंत त्यांनी दोन फांद्या, दादांची टोपी आणि एक बोटाएवढा मासा धरलाय. मासा सोडून दिला. परत का येत नाहीत? कारण तिथल्या थांब्यावरचा कारकून काठी हातात धरून चढू देत नाही. म्हणतो, पुस्तकात लांबी लिहिलेली नाही, वरून खुलासा मागवलाय. इकडे बायको फोनवर ओरडतेय, "अहो, ती काठी दादांकडेच ठेवा आणि या!" त्यावर मास्तर गंभीरपणे म्हणतात, "प्रश्न काठीचा नाही, तत्त्वाचा आहे." मागे दादांच्या खोकल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. हसू असावं.

म्हणून साहेब, सरळ विचारतो : बांधलेले एकतीस इंच चालत नाहीत आणि हातातले नव्वद चालतात, ते का? आणि चालत असतील, तर दोन्ही थांब्यांवर का नाही? उत्तर द्या! सहीशिक्क्यासह, लेखी द्या! फोन नको, तार नको, माणूस पाठवायचा तर चालत पाठवा. रस्ता लांबचा आहे, त्याला म्हणावं, वाटेत बसत बसत ये. पण उत्तर द्या!